टीव्ही रेकॉर्ड करायला कॉम्प्युटर घेताय? आधी घरात सिग्नल कशाचा आहे ते बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या कॉम्प्युटरचं घरच्या घरी मीडिया सेंटर, म्हणजे टीव्हीला जोडून कार्यक्रम बघायचं आणि साठवायचं मशीन करा, टीव्हीशेजारी ठेवा आणि हवे ते कार्यक्रम रेकॉर्ड करा असा एक लेख तुमच्या पुरवणीत आला होता. लेख वाईट नव्हता. कोडी नावाचं सॉफ्टवेअर टाका, हार्डडिस्क मोठी घ्या, पंख्याचा आवाज कमी असलेला डबा बघा, सगळं बरोबरच लिहिलंय, पण तो वाचून आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या ओळखीच्या लोकांचे मला फोन यायला लागले की तुम्हाला यातलं कळतं तर सांगा कुठला कॉम्प्युटर घेऊ, रॅम किती टाकू, एसएसडी लागते का. मी सगळ्यांना उलट एकच विचारलं, तुमच्याकडे टीव्ही कशावर दिसतो, केबल, डीटीएच की फ्री डिश? कारण रॅमबिम नंतर. आधी कार्यक्रम कॉम्प्युटरमध्ये शिरणार कुठून हे बघायला लागतं आणि त्या लेखात नेमकं तेवढंच राहिलंय, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, जागा असेल तेवढं छापा.

मी अंबडला कंट्रोल पॅनेलच्या कामात आयुष्य काढलंय, कॉम्प्युटर उघडून बसायची खोड जुनी आहे. केबल ॲनालॉग होती तेव्हा हे काम सोपं होतं हे मी पाहिलंय. केबलवाल्याची वायर घरात आली की त्यात सगळे चॅनेल उघडे असायचे, नळाला भांडं लावावं तसं ती वायर टीव्हीला लावा नाहीतर कॉम्प्युटरच्या ट्यूनर कार्डाला, म्हणजे चॅनेल पकडणाऱ्या कार्डाला लावा. एमजी रोडला तेव्हा ट्यूनर कार्ड सहज मिळायची, सोबत एक रिमोट आणि सीडी. मायक्रोसॉफ्टने २००२ ला एक्सपीची मीडिया सेंटर एडिशन काढली ती याच हिशोबाने, सोफ्यावर बसून रिमोटने कॉम्प्युटर चालवायचा, टीव्ही थांबवायचा, मागे न्यायचा, रेकॉर्ड करायचा. लिनक्सवाल्यांकडे त्याच कामाचं मिथटीव्ही नावाचं सॉफ्टवेअर होतं. पुढे विंडोज ७ च्या बहुतेक एडिशनमध्ये मीडिया सेंटर आपोआप यायचं, आठमध्ये वेगळे पैसे लावले आणि २०१५ ला विंडोज १० आली तेव्हा काढूनच टाकलं. आता ज्यांनी बनवलं त्यांनीच ते सोडून दिलं यावरून काय ते समजा.

पण सोपं होतं म्हणजे चांगलं होतं असंही नाही हां. ॲनालॉग सिग्नल आला की तो डिजिटल करायचं, वर दाबून लहान करायचं काम कॉम्प्युटरलाच करावं लागायचं, स्वस्त कार्डात त्यासाठी वेगळी चिप नसायची, मग सगळा भार प्रोसेसरवर. मधेच कोणी गाणी लावली की चित्र अडकलंच. आणि कार्डाचं घड्याळ वेगळं, साउंड कार्डाचं वेगळं, त्यामुळे तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी शेवटी ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. तरी लोक करायचे, कारण चॅनेल उघडे होते.

ते बंद झालं केबल डिजिटल झाली तेव्हा. केबल कायद्यात २०११ ला दुरुस्ती झाली, आधी मोठी महानगरं, मग दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं, त्यात आपलं नाशिक पण होतं आणि मुदत होती मार्च २०१३ अखेर. वाचकांना आठवत असेल, सेट टॉप बॉक्ससाठी केबलवाल्याकडे किती गर्दी झाली होती. चित्र सुधारलं हे खरं. पण त्या दिवसापासून वायरीतले चॅनेल कुलूपबंद झाले आणि किल्ली बॉक्सच्या आत. डीटीएचचं तर पहिल्यापासूनच तसं. आता ती वायर तुम्ही जगातल्या कितीही भारी कार्डाला लावली तरी पैसे भरलेले चॅनेल सुद्धा त्यात उघडणार नाहीत, तुमचं रिचार्ज चालू असलं तरी नाही. अमेरिकेत त्यांनी केबलकार्ड नावाची सोय काढली होती, केबल कंपनीकडून एक कार्ड घ्यायचं आणि आपल्या स्वतःच्या मशीनमध्ये घालायचं, मग तुमचा कॉम्प्युटरच बॉक्स व्हायचा. इंटरनेटवर मीडिया सेंटरची जी कौतुकं वाचायला मिळतात त्यातली अर्धी त्या सोयीवर उभी आहेत आणि बाकीची अर्धी तिकडे घरच्या अँटेनावर फुकट दिसणाऱ्या एचडी चॅनेलवर. आपल्याकडे यातलं एकही नाही. दूरदर्शनने २०१६ ला १६ शहरांत डिजिटल अँटेनाची सेवा सुरू केली त्यात मुंबई होती, औरंगाबाद होतं, नाशिक नव्हतं. म्हणजे छतावर अँटेना लावून कॉम्प्युटरवर घ्यायचा हा मार्गही इथे नाही.

मग लोक म्हणतात बॉक्समधून बाहेर पडतंय ते पकडू. पकडता येतं, पण कसं ते ऐका. बॉक्सला मागे पिवळी लाल पांढरी एव्ही पिन असेल तर यूएसबीचं कॅप्चर डोंगल लावून ते कॉम्प्युटरमध्ये घेता येतं, पण चित्र मिळतं जास्तीत जास्त ७२० बाय ५७६, म्हणजे जुन्या डब्बा टीव्हीच्या लायकीचं, ते तुम्ही आताच्या ४३ इंची पडद्यावर लावलं की माणसांचे चेहरे ओळखू येतात एवढंच. एचडीएमआयमधून घ्यायला गेलात तर त्यात एचडीसीपी नावाचं आणखी एक कुलूप असतं, कॅप्चर डोंगलला ते उघडता येत नाही आणि पडदा काळा. बाजारात काही स्प्लिटर हे कुलूप गुपचूप काढून टाकतात असं लोक सांगतात, ती वाट मी कोणाला सुचवणार नाही, २०१२ च्या दुरुस्तीत कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ घातलंय, हक्क मोडायच्या हेतूने असलं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

आणि समजा एव्ही पिनवर समाधान मानलं, तरी चॅनेल कोण बदलणार? कॉम्प्युटरला ठरलेल्या वेळी रेकॉर्डिंग चालू करता येतं पण बॉक्स कुठल्या चॅनेलवर आहे हे त्याला कळत नाही. त्यासाठी आयआर ब्लास्टर म्हणून एक छोटा दिवा मिळतो, तो बॉक्सच्या डोळ्यासमोर चिकटवायचा, कॉम्प्युटर त्यातून रिमोटसारखे सिग्नल सोडतो. आमच्याकडे ही जुळणी होती. एकदा चॅनेलचा आकडा चुकीचा लागला आणि गणपतीच्या दिवसांत आमच्या सौ.च्या माहेरच्या मंडळाचा देखावा लोकल चॅनेलवर दाखवणार होते त्याच्याऐवजी दीड तास कुकरची जाहिरात रेकॉर्ड झाली. "अहो, तुमच्यापेक्षा माझ्या भावाला मोबाईलवर शूटिंग करायला सांगितलं असतं तर बरं झालं असतं," हे मी पुढे बरेच दिवस ऐकलं. शिवाय हल्लीचे बॉक्स कोणी रिमोट दाबला नाही की काही तासांनी आपोआप झोपतात, वीज वाचवायला. कॉम्प्युटर बिचारा मन लावून काळा पडदा रेकॉर्ड करत बसतो.

यावर कोणी म्हणेल की डीटीएच कंपन्यांचे रेकॉर्डिंगवाले बॉक्स मिळतात की, कॉम्प्युटर हवाच कशाला. मिळतात, टाटा स्कायने २००८ लाच टाटा स्काय प्लस आणला होता, मालिका पकडायला ही सगळ्यात बिनडोकेदुखीची वस्तू, मान्य. पण त्यातलं रेकॉर्डिंग त्या बॉक्सचं असतं, तुमचं नाही. हार्डडिस्क काढून कॉम्प्युटरला लावा, काही दिसणार नाही. बॉक्स जळाला, बदलला, कंपनी सोडली, की गेलं. आमच्या नात्यात एका काकूंकडे अशा बॉक्समध्ये नातीचा झी टीव्ही की कुठल्यातरी चॅनेलवरचा लहान मुलांचा कार्यक्रम ठेवलेला होता, स्टेजवर दोन मिनिटं दिसली होती पोरगी. बॉक्स बिघडला, माणूस आला, नवीन बॉक्स लावून जुना घेऊन गेला, काकूंना वाटलं आतलं सगळं नवीनमध्ये येईल. कोणी त्यांना आधी सांगितलंच नाही. पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड करता येतं असे बॉक्सही आहेत पण पैशाच्या चॅनेलचं रेकॉर्डिंग तेही बॉक्सच्या किल्लीने बंद करूनच लिहितात.

आता मुद्द्याचं. टीव्ही रेकॉर्ड कशासाठी करायचा? याची दोन उत्तरं आहेत आणि त्या लेखात दोन्हीची सरमिसळ झालीय. एक म्हणजे नंतर बघायला. सात वाजता आपण पाथर्डी फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलोय, मालिका चुकली, रात्री बघू. यासाठी आता कॉम्प्युटर उभा करणं म्हणजे वेळेचा अपव्यय. झी मराठीचं झी फाइव्हवर असतं, स्टार प्रवाहचं जिओहॉटस्टारवर असतं, बातम्यांच्या चर्चा तर यूट्यूबवर लगेच पडतात, बघणाऱ्याला मोबाईलवर सुद्धा चालतं. सासूबाई मालिकेचा चुकलेला भाग स्वतः शोधून लावतात, त्यांना माझी गरज लागत नाही. ज्यांना एवढंच हवंय त्यांनी कॉम्प्युटरचे पैसे वाचवावेत, स्पष्ट सांगतो.

दुसरं उत्तर म्हणजे ठेवायला. आपल्याकडे राहायला पाहिजे म्हणून. आणि इथे मात्र ॲप काही कामाचं नाही, कारण ॲपवरचं आज आहे उद्या नाही, हक्क संपले की गुपचूप काढतात. चॅनेलवाले तरी जपतील म्हणाल तर तसंही नसतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्या सुरुवातीच्या काळात टेप महाग म्हणून रेकॉर्डिंग पुसून त्याच टेपवर दुसरं घ्यायचे, किती नाटकं, गाणी, मुलाखती अशा गेल्या. बीबीसीनेही हेच केलं, तिथल्या काही कार्यक्रमांचा आवाज तेवढा राहिला तो प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता म्हणून. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी तर सत्तरच्या दशकाच्या अखेरपासून २०१२ ला वारल्या तोपर्यंत घरात व्हीसीआर लावून दिवसरात्र बातम्या टेप केल्या, हजारो टेप, तेव्हा लोकांना विक्षिप्त वाटल्या असतील, नंतर त्या सगळ्या टेप इंटरनेट आर्काइव्हने घेतल्या. आता आपण काय तेवढं करणार नाही. पण सह्याद्रीवर आपल्या गावच्या कोणाची मुलाखत लागते, नाशिकच्या एखाद्या कीर्तनकाराचं कीर्तन लागतं, कृषीच्या कार्यक्रमात दिंडोरी निफाडचा द्राक्षवाला बोलतो, हे त्या घरातल्या लोकांना ठेवायचं असतं. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावरचं शाही स्नान टीव्हीवर लाइव्ह होतं, गर्दीत आपल्यातलाच कोणी स्वयंसेवक दिसला, घरच्यांनी काय केलं, टीव्हीच्या पडद्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढला, तिरका, वर ट्यूबलाइटची चमक. आता २०२७ ला परत पर्वणी आहेत. तेव्हा तरी नीट करता येईल का?

येईल, आणि ते फ्री डिशवर येईल. हे मी जरा सविस्तर सांगतो कारण मराठीत कुठे लिहिलेलं दिसत नाही.

दूरदर्शनची फ्री डिश २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली, तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. महिन्याचा खर्च शून्य. आणि मोठी गोष्ट म्हणजे बरेचसे चॅनेल कुलूप न लावता सोडलेले असतात, म्हणजे बॉक्सच्या ऐवजी कॉम्प्युटरमध्ये डीव्हीबी एस-टू चं, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल घेणारं कार्ड घातलं आणि डिशची वायर सरळ त्याला लावली तरी ते उघडतात. यात जुन्या ट्यूनर कार्डाची ती सगळी कटकट नसते. चित्र वरूनच दाबून लहान करून आलेलं असतं, कॉम्प्युटरला काहीही प्रोसेस करायचं नाही, आलेलं तसंच्या तसं डिस्कवर लिहायचं फक्त, त्यामुळे दहा बारा वर्षं जुना, कोपऱ्यात पडलेला डबा सुद्धा हसत हसत करतो आणि रेकॉर्डिंगची क्वालिटी म्हणजे जे प्रक्षेपण झालं तेच, एक टिंब कमी नाही. साध्या चॅनेलला ताशी एक ते दीड जीबी लागते, १ टीबीच्या डिस्कवर साडेसहाशे तास आरामात. अजून एक गंमत आहे. उपग्रहावर चॅनेल सुटे सुटे येत नाहीत, एका ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे उपग्रहावरच्या एका प्रक्षेपकावर, डझनभर चॅनेल एकत्र बांधून येतात, त्यामुळे एकच कार्ड असलं तरी त्या एका गठ्ठ्यातले दोन तीन चॅनेल एकाच वेळी रेकॉर्ड करता येतात. बॉक्सला हे सहसा जमत नाही. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर म्हणाल तर विंडोजवर नेक्स्टपीव्हीआर, लिनक्सवर टीव्हीहेडएंड, दोन्ही फुकट आहेत, टीव्हीहेडएंड डोक्याला ताप देतं पण एकदा लागलं की वर्षानुवर्षं बघायला लागत नाही.

डिश कुठे लावायची ते. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, तो ९३.५ अंश पूर्वेला आहे, नाशिकहून बघितलं तर आग्नेय दिशेला आणि साधारण ५७ अंश वर. म्हणजे ज्यांची गॅलरी पश्चिमेला किंवा उत्तरेला आहे त्यांना गच्चीवरच जावं लागणार आणि मग सोसायटीच्या सेक्रेटरींशी गोड बोलावं लागणार, तेवढं मी इथून करू शकत नाही. घरात बॉक्स पण चालू ठेवायचाय आणि कॉम्प्युटर पण, तर साधा स्प्लिटर लावून फसू नका. डिशच्या समोर बसवलेल्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीला, खालून १३ व्होल्ट गेले की ती उभ्या लहरी घेते, १८ व्होल्ट गेले की आडव्या, दोन मशीन दोन वेगळे व्होल्ट मागायला लागली की एकाचं चित्र जातं. दोन आउटपुटवाली ट्विन एलएनबी घ्या, फरक फार नाही. कार्ड मात्र इथे दुकानात मिळत नाही, मागवावं लागतं आणि बॉक्स, डिश, वायर धरून अख्खा फ्री डिशचा सेट घ्याल त्याच्यापेक्षा ते एकटं महाग पडतं.

पावसाचं लिहिलं नाही तर नाशिककर म्हणवून घ्यायला नको. या लहरी इतक्या बारीक असतात की जोरदार सर आली की थेंबच त्यांना खाऊन टाकतात, टीव्ही बघताना आपण म्हणतो जाऊ दे येईल परत, रेकॉर्डिंगमध्ये मात्र ते भोक कायमचं. डिश जरा मोठी घेतली आणि नीट निशाण साधलं तर फरक पडतो, पूर्ण जात नाही. आणि लाईट. कॉम्प्युटर ठरलेल्या वेळी झोपेतून उठून रेकॉर्डिंग करतो हे खरं पण झोपेत असताना लाईट गेली तर तो उठतच नाही. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायची एक सेटिंग असते, ती आधी करा, बाकी सगळं नंतर. छोटा यूपीएस असेल तर उत्तम. चोवीस तास चालू ठेवायचा म्हणाल तर जुना डेस्कटॉप नुसता बसून ६० वॅट खातो, महिन्याचे ४३ युनिट होतात, आणि महावितरणच्या वरच्या स्लॅबमध्ये गेलात की त्याचे चारशेच्या पुढे रुपये. फुकटची डिश आणि वर चारशेची वीज. त्याऐवजी रास्पबेरी पायसारखा छोटा बोर्ड आणि यूएसबीचा ट्यूनर लावला तर वीज त्याच्यापेक्षा खूपच कमी लागते.

एवढं सगळं लिहून झाल्यावर प्रामाणिकपणे हेही लिहायला पाहिजे की बहुतेकांना कॉम्प्युटरची गरजच नाही. फ्री डिशचे जे साधे स्वस्त बॉक्स दुकानात मिळतात त्यातल्या बऱ्याच बॉक्सना पुढे यूएसबी असते, पेनड्राइव्ह लावा, लाल बटण दाबा, रेकॉर्ड. चॅनेलला कुलूप नसल्यामुळे बहुतेक बॉक्समध्ये ती फाइल पण उघडीच लिहिली जाते, ती नंतर कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये चालते, कापता येते, नातेवाइकांना पाठवता येते. फक्त पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर दर चार जीबीला फाइल तुटते, घाबरू नका, पुढचा तुकडा बाजूलाच असतो. वर्षातून दोन चार कार्यक्रम ठेवायचे असतील त्यांनी हेच करावं. कॉम्प्युटर कोणी करावा, तर ज्याला रोजचं काहीतरी नेमाने साठवायचंय, वाचनालय असेल, एखादी संस्था असेल, कीर्तन प्रवचनाचा संग्रह करणारे असतील, किंवा माझ्यासारखे ज्यांना स्क्रू ड्रायव्हर हातात असल्याशिवाय रविवार गेल्यासारखा वाटत नाही ते.

फ्री डिशची एक मर्यादा सांगतो. तिथे कुठले खाजगी चॅनेल दिसतील ते प्रसार भारतीच्या लिलावावर ठरतं, आज आहे ते पुढच्या वर्षी असेलच असं नाही. २०१९ च्या मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांनी आपले मनोरंजनाचे चॅनेल एकदम काढून घेतले होते, ते २०२० च्या जूनमध्ये परत आले. त्यामुळे भरवसा ठेवायचा तो दूरदर्शनच्या स्वतःच्या चॅनेलांवर, सह्याद्री धरून. माझ्या मते ठेवण्यासारखं बरंचसं तिथेच असतं, पण हे माझं मत झालं, घरात ते कोणाला पटत नाही.

आता हे सगळं संपादक साहेब तुम्हाला का लिहितोय, तर एक गोष्ट मला खटकते. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम ३९ आहे. त्यात स्पष्ट आहे की एखाद्याने स्वतःच्या खाजगी वापरासाठी प्रक्षेपण रेकॉर्ड केलं तर तो प्रक्षेपण करणाऱ्याच्या हक्काचा भंग होत नाही. अमेरिकेत हाच प्रश्न सोनीच्या बीटामॅक्स व्हीसीआरवरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९८४ ला निकाल लागला की घरी नंतर बघायला रेकॉर्ड करण्यात गैर काही नाही. म्हणजे कायदा म्हणतो ठेव बाबा, आणि बॉक्स म्हणतो ठेवू देणार नाही. मी महिन्याला पैसे भरतो, चॅनेलचे वेगळे, वर नेटवर्क कपॅसिटी फी वेगळी, जीएसटी वेगळा, आणि तरी त्या पैशात आलेला कार्यक्रम माझ्या स्वतःच्या डिस्कवर माझ्यासाठी ठेवता येत नाही. हे ऑनलाइन विकू नका, गल्लीत दाखवू नका, हे समजतं, पण घरातल्या घरात? ट्रायने, म्हणजे फोन आणि टीव्ही कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाने, एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली होती की सेट टॉप बॉक्स कुठल्याही कंपनीला चालेल असा असावा. तसं झालं असतं तर बॉक्स बाजारात पंख्यासारखा विकत मिळाला असता, मग रेकॉर्डिंगची चांगली सोय देणारे बॉक्सही कोणीतरी काढलेच असते. आजही कंपनी बदलली की जुना बॉक्स माळ्यावर टाकायचा आणि नवीन घ्यायचा, आमच्या माळ्यावर त्यांचा ढीग आहे. तुमच्या प्रतिनिधींनी याच्यावर ट्रायला आणि कंपन्यांना विचारावं, कुठला मीडिया सेंटर घ्यावा यापेक्षा ते जास्त लोकांच्या उपयोगाचं होईल.

आणि दुसरी मागणी साधी आहे, ती तर तुमच्याच हातातली आहे. कॉम्प्युटर असो नाहीतर पेनड्राइव्हवाला बॉक्स, त्याला कार्यक्रमाची वेळ लावून द्यावी लागते. परदेशातल्या मीडिया सेंटरना कार्यक्रमांची यादी आपोआप इंटरनेटवरून मिळते, आपल्या मराठी चॅनेलची तशी धड यादी मिळत नाही, मिळाली तरी त्यात नुसतं 'विशेष कार्यक्रम' असं लिहिलेलं असतं, कोणाचा, कशाचा, काही नाही. पूर्वी वर्तमानपत्रात आजचे टीव्ही कार्यक्रम असा रकाना असायचा, बारीक टाइपात, सह्याद्रीचे सगळे कार्यक्रम वेळेसकट. आम्ही पेनने खूण करून ठेवायचो. तो आता कुठे दिसत नाही, त्या जागी राशिभविष्य मोठं झालंय. सगळे चॅनेल नकोत, जागा नसते हे समजतं. निदान सह्याद्रीचे दुसऱ्या दिवशीचे कार्यक्रम, पाहुण्याच्या नावासकट आणि किती वाजता संपणार त्यासकट, रोज आठ दहा ओळीत छापता आले तर बघा. सिंहस्थाच्या आधी सुरू केलं तर फार बरं होईल, पर्वणीच्या दिवसांच्या लाइव्हच्या वेळा पण त्यातच देता येतील.

आपला,
एक जुना वाचक,
इंदिरानगर, नाशिक